परवान्याचा नकाशा आणि कराराचा नकाशा एकच ठेवा

सांगलीत घर बांधायचं ठरलं की लोक आधी कंत्राटदार गाठतात, मग मुहूर्त काढतात आणि पायाची खुदाई निम्मी झाली की माझ्याकडे येतात. "मॅडम, तेवढी परवानगी काढून द्या की." मी लायसन्स्ड इंजिनिअर. महापालिकेत नकाशे दाखल करते आणि साइटवर कंत्राटदारांची बिलंही तपासते. त्यामुळे मालक आणि कंत्राटदार, दोघांचीही गाऱ्हाणी माझ्याच टेबलावर येतात. बहुतेकांचं मूळ एकच असतं: फायलीत एक नकाशा, कंत्राटदाराच्या खिशात दुसरा, आणि करार म्हणजे वहीच्या पानावर लिहिलेला दर.

खाली लिहिलंय ते स्वतःच्या प्लॉटवर राहण्यासाठी एक-दोन मजली घर बांधणाऱ्यांसाठी आणि अशी कामं घेणाऱ्या कंत्राटदारांसाठी. बृहन्मुंबई आणि काही खास क्षेत्रं सोडली तर राज्यात डिसेंबर २०२० पासून बांधकाम परवान्याची एकच नियमावली लागू आहे, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. मुंबईकरांनी परवान्याचा भाग सोडून थेट करारावर जावं, तेवढं त्यांनाही उपयोगी पडेल.

आधी जागेचे कागद

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड ताजं काढा, खरेदीच्या वेळचं नको. नाव आपलं आहे एवढं बघून लोक थांबतात. तिथेच भोगवटादार वर्ग लिहिलेला असतो, तो बघा. वर्ग २ असेल तर जमीन शासनाच्या अटींवर दिलेली असते आणि तिच्या हस्तांतराला परवानगी लागते. ती न घेताच खरेदी झाली असेल तर तुमची फाइल पहिल्याच टेबलावर अडकते. मग इतर हक्काचा रकाना: सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, वारसांच्या नोंदी. वडिलांच्या पश्चात बहिणींची नावं लागलेली असतील तर त्यांच्या सह्या लागणार. "ती काय घर मागायला येणार आहे?" हे उत्तर छाननीत चालत नाही.

प्लॉट मंजूर लेआउटमधला आहे की गुंठेवारीतला, म्हणजे लेआउट मंजूर न करता तुकडे पाडून विकलेला? आमच्या सांगली-मिरज-कुपवाडला हा प्रश्न पावलोपावली येतो. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्यात जागा मिळाली. गुंठेवारीचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत घराचा नकाशा काढून घेऊ नका. नियमित होताना रस्त्यासाठी पट्टी गेली तर प्लॉटची मापं बदलतात आणि नकाशाचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात.

भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा घ्या. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला बोलवा, खुणा त्याच्यादेखत रोवून घ्या आणि दगडांचे फोटो काढून ठेवा. शेतजमिनीतून आलेला प्लॉट असेल तर एनएचा, म्हणजे बिगरशेती परवानगीचा विषय येतो. जमीन महसूल संहितेत २०१४ नंतर झालेल्या दुरुस्त्यांमुळे (कलम ४२-ब, ४२-ड वगैरे) बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र परवानगीचे हेलपाटे वाचलेत. पैसे भरल्याचं चलन मात्र फायलीला लागतंच.

नदीकाठच्यांनी एक कागद जास्त घ्यायचा, पूररेषेचा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन घर नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे असाल तर परवानगी मिळते, पण जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीवरून ठरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हापासून सांगलीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कंत्राटदाराला मात्र सांगावं लागतं. तो दर देतो नेहमीच्या दोन-अडीच फूट जोत्याचा. जोतं सहा फुटांवर गेलं की मुरमाचा भराव, दगडी किंवा काँक्रीटची भिंत, पायऱ्या, सगळंच वाढतं, आणि ते कुणाच्या खिशातून याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

परवाना

घर बांधायची परवानगी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली मिळते. कलम ४४ खाली अर्ज, कलम ४५ खाली निर्णय. अर्ज ऑनलाइन जातो, तो तुमच्या आर्किटेक्टच्या किंवा लायसन्स्ड इंजिनिअरच्या लॉगिनमधून. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद कायद्यात आहे आणि ती लोकांना तोंडपाठ असते. त्यातली अट कुणाला आठवत नाही: नकाशा नियमात बसणारा असेल तरच.

लहान प्लॉटना नवी नियमावली खरंच सोपी झाली आहे. प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण सोळाशे चौरस फुटांचा असेल, तर मालकीचे कागद, मोजणी नकाशा, नियमानुसार असल्याचं इंजिनिअरचं प्रमाणपत्र जोडलेला घराचा नकाशा आणि भरलेलं शुल्क, एवढं दाखल केल्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटला दहा दिवसांत निर्णय द्यायचा आहे. पण ही सवलत कागदपत्रांपुरती आहे. मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा), उंची आणि एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) तेच राहतात. उलट अशा फायलीत पुढे चूक निघाली तर "तुम्हीच तर तपासून मंजूर केलं होतं" असं म्हणायची सोय राहत नाही, कारण तपासून प्रमाणपत्र आमच्यासारख्यांनी दिलेलं असतं. त्यामुळे इंजिनिअर म्हणाला की "पुढे बघू, कोण मोजतंय", तर इंजिनिअर बदला.

उदाहरणाला ४० बाय ५० चा प्लॉट घेऊ. दोन हजार चौरस फूट, म्हणजे १८६ चौरस मीटरच्या आसपास. दाट वस्तीच्या गावठाणाबाहेर मूळ एफएसआय १.१, म्हणजे २,२०० चौरस फूट बांधता येतं. त्यावर प्रीमियम भरून अधिक मिळतं, पण ते रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतं. साध्या दोन मजली घराला बहुधा मूळ एफएसआयच पुरतो. प्लॉटजवळून विजेची तार जात असेल तर नकाशातच दाखवा. ११ केव्हीच्या तारेपासून आडवं किमान १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर अंतर सुटलं पाहिजे. गॅलरी नंतर "थोडी बाहेर काढू" म्हणणाऱ्यांनी हे माप खिशात ठेवावं.

भरायचे पैसे: छाननी शुल्क, विकास शुल्क, प्रीमियम घेतला असेल तर तो, आणि लागू असेल तिथे बांधकाम कामगार कल्याण उपकर. हा उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का असतो. तो भरताना मालक कुरकुरतात. कंत्राटदारांनी मात्र हे पैसे आपल्याच माणसांसाठी आहेत हे लक्षात ठेवावं. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असला की गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाला कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करू शकतो. तो दाखला द्यायला लोक टाळाटाळ का करतात, मला कळलेलं नाही.

परवाना मिळाल्यावर पहिल्या वर्षात काम सुरू करा, नाहीतर नूतनीकरण करावं लागतं. एकूण मुदत चार वर्षांची. आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या मंडळींनो, घरपट्टीची पावती म्हणजे परवाना नव्हे. महापालिका हद्दीतही तसंच: विनापरवाना बांधकामावर शास्ती लावून कर घेतला म्हणजे बांधकाम नियमित झालं असं होत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. विनापरवाना कामाला कलम ५२ खाली शिक्षा आहे आणि कलम ५३ खाली पाडण्याची नोटीस निघते.

जोत्यापाशी थांबा

जोतं झालं की पुढचं काम थांबवून तपासणीचा दाखला घ्यायचा. कंत्राटदाराला हे थांबणं नको असतं, कारण सेंट्रिंगची माणसं दुसऱ्या साइटवर गेली की परत मिळत नाहीत. म्हणून इंजिनिअरला जोत्याच्या आठवडाभर आधीच सांगून ठेवा.

ही तपासणी मालकाने स्वतःही करावी, टेप घेऊन. माप घ्यायचं ते कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून कुंपणापर्यंत नाही, तर मोजणीच्या दगडाला दोरी बांधून त्या दोरीपर्यंत. आता बारकाव्याची गोष्ट. नकाशात बाजूचं मार्जिन दोन मीटर दाखवलंय आणि कंत्राटदाराने कॉलमची बाहेरची कड बरोबर दोन मीटरवर धरली, तर आज टेप बरोबर दाखवते. पुढे बाहेरून प्लास्टर चढतं, वीस ते पंचवीस मिलिमीटरचं. त्यावर हौशीने दगडी क्लॅडिंग लावलं की आणखी दीड इंच. शेवटी राहायला जाण्याच्या परवानगीच्या, म्हणजे भोगवटा दाखल्याच्या वेळी मार्जिन कमी भरतं. म्हणून आखणी करतानाच प्रत्येक बाजूला तीन इंच आत धरा. खोली तीन इंचांनी लहान झाली म्हणून कुणी रडत नाही.

आता करार

कामाची रीत दोन प्रकारची. लेबर रेटने दिलं तर सिमेंट, स्टील, वाळू, वीट तुम्ही आणायची, कंत्राटदाराची फक्त माणसं आणि सेंट्रिंग. विथ मटेरियल दिलं तर सगळं त्याचं. स्वतःच्या एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या कामावर जीएसटी माफ आहे. मटेरियलसकट कामावर १८ टक्के लागतो, कंत्राटदार नोंदणीकृत असेल तर. दर ठरवताना "जीएसटीसह" की "जीएसटी वेगळा" हे शब्द लिहिलेले नसले तर शेवटच्या बिलात १८ टक्क्यांचा धक्का बसतो. घरी कुणी दिवसभर साइटवर उभं राहणारं नसेल तर लेबर रेटच्या भानगडीत पडू नका. सिमेंटची पोती मोजायला रिकामा वेळ असलेले सासरे लागतात.

करार स्टॅम्पपेपरवर करा. शंभरचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाला, आता किमान पाचशेचा. कामाच्या रकमेप्रमाणे मुद्रांक याहून जास्त लागू शकतो, तो वकिलाकडून काढून घ्या. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि मूळ प्रती दोन.

पहिलं कलम नकाशाचं. मी असं लिहून देते:

"काम सोबत जोडलेल्या, दि. … रोजी मंजूर झालेल्या नकाशाप्रमाणे व आरसीसी डिझाइनप्रमाणे करायचे आहे. या नकाशाच्या प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांनी सही केली आहे. मालकाने लेखी सांगितल्याशिवाय व इंजिनिअरने सुधारित नकाशा दिल्याशिवाय कंत्राटदाराने कोणताही बदल करू नये. तोंडी सांगितलेल्या बदलामुळे परवान्यात अडचण आल्यास त्याची जबाबदारी बदल करणाऱ्या कंत्राटदारावर, व लेखी सांगितलेल्या बदलाची जबाबदारी मालकावर राहील."

शेवटचं वाक्य वाचून मालक बिचकतात आणि कंत्राटदार खूश होतात. मग कंत्राटदाराच्या लक्षात येतं की त्याच्याच मुकादमाला "इथे एक खिडकी काढ रे" असं काकूंनी सांगितलं तर ते तोंडीच असतं. दोघंही सावध झाले की कलम बरोबर आहे असं मी समजते.

दुसरं कलम मापाचं. सगळ्यात जास्त पैसा इथे हलतो, म्हणून इथे जरा थांबू. चौरस फुटाला अमुक दर, असं ठरतं. कुठला चौरस फूट? वरच्याच प्लॉटवर २५ बाय ३० चं घर घ्या, तळमजला आणि पहिला मजला. मालकाच्या डोक्यात ७५० अधिक ७५०, पंधराशे फूट. कंत्राटदार मोजतो स्लॅब एरिया. त्यात पोर्च १२० फूट, पुढची गॅलरी १००, जिन्यावरची हेडरूम ९६, आणि आठ खिडक्यांवरचे साडेपाच बाय दोन फुटांचे छज्जे, ते ८८. एकूण १,९०४. समजा दर १,८०० रुपये ठरलाय. ४०४ फुटांचा फरक म्हणजे ७ लाख २७ हजार २०० रुपये. दोघांपैकी कुणीच लबाडी करत नसतो. कंत्राटदाराला छज्ज्यालाही सेंट्रिंग, सळई, काँक्रीट लागतंच, आणि मालकाला छज्ज्यात झोपता येत नाही.

तेव्हा दर ठरवण्याआधी यादी करा आणि प्रत्येकासमोर पूर्ण, अर्धं की शून्य ते लिहा. माझ्याकडे बहुतेक वेळा असं ठरतं: मजल्यांचं बाहेरून बाहेर माप पूर्ण, गॅलरी पूर्ण, हेडरूम पूर्ण, उघडा पोर्च अर्धा, छज्जे व लॉफ्ट शून्य पण ते दरातच धरलेले, जिना मजल्याच्या मापात एकदाच. जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक आणि कंपाउंड यांचे दर वेगळे, टाकीचा लिटरवर आणि कंपाउंडचा धावत्या फुटावर. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी हरकत नाही. ठरलेलं माप नकाशावरच काढून शेवटी एक आकडा लिहा, "दरासाठी धरलेलं क्षेत्र इतकं". भांडायचं ते तेव्हाच चहा पिता पिता भांडून घ्या.

लेबर रेटमध्ये हीच गोष्ट प्लास्टरची. खिडकी-दरवाजाची वजावट करायची की नाही? मोजमापाचा भारतीय मानक, आयएस १२००, सांगतो की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही, अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची, त्यापुढे दोन्ही बाजूंची. "मोजमाप आयएस १२०० प्रमाणे" एवढी ओळ टाकली की गवंडी ब्रासवर (शंभर चौरस फुटांचा एक ब्रास) दोन्हीकडून माप लावतोय का हे तपासता येतं.

तिसरं, दरात काय आहे. आमच्याकडची काळी माती फुगते आणि आकसते. कंत्राटदार पाच फूट पाया धरून दर देतो, खणल्यावर मुरूम लागतो आठ फुटांवर. म्हणून लिहा: जमिनीपासून पाच फुटांपर्यंतची खुदाई व फुटिंग दरात, त्याखाली खुदाई, पीसीसी (फुटिंगखालचं बिनसळईचं काँक्रीट), कॉलमची वाढीव उंची यांचे दर पुढीलप्रमाणे. जमलं तर करार करण्याआधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन बघा. जेसीबीचं तासाभराचं भाडं त्या मानाने काहीच नाही.

मटेरियलचं नाव आणि प्रत लिहा. स्टील एफई ५०० डी, कंपनीचं नाव. काँक्रीट किमान एम २०. "चांगल्या प्रतीचे" हे शब्द करारात दिसले की खोडून काढा. टाइल्सला "५५ रुपये फुटापर्यंत, त्यापुढचा फरक मालकाचा" असं लिहिलं तर दुकानात वाद होत नाही. स्टील तपासायची साधी रीत आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग करून १६२ ने भागा, मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरला ०.८८८. बारा मीटरच्या दहा सळ्या काट्यावर टाका, १०६ किलोच्या जवळपास भरायला हव्यात. पाच टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे मानकातच चालतं. शंभरच्या खाली गेलं तर गाडी परत पाठवा. कंत्राटदारांनो, लेबर रेटवर असाल तरी हे तुम्हीच करा, कारण स्लॅबला भेग गेली की मालक आधी तुमच्याकडे बघतो.

सेंट्रिंग काढायचे दिवसही करारात घाला. आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. बीमला सहा मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस. हे साध्या सिमेंटचे आकडे आहेत. बाजारात मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, ते हळू पकडतं, म्हणून मी दिवस वाढवून लिहिते. पाणी मारणं साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला १०. पाणी कोण मारणार, पाणी कुणाचं, टँकर लागला तर पैसे कुणाचे? मे महिन्यात विसापूर-तासगावकडे काम असेल तर हे शेवटचं आधी लिहा.

पैसे कसे द्यायचे

महिन्याला रक्कम ठरवू नका, कामाच्या टप्प्याला ठरवा. विथ मटेरियल दोन मजली घराला मी बहुधा असं लावते: सुरुवातीची उचल ५ टक्के, जोतं १५, तळमजल्याचा स्लॅब २०, वरचा स्लॅब २०, वीटकाम १०, प्लास्टर व आतल्या पायपा १०, फरशी व दारं-खिडक्या १०, रंग व फिटिंग ५, आणि राहिलेले ५ अनामत, एक पूर्ण पावसाळा गेल्यावर. स्लॅबपर्यंत ८० टक्के पैसे मागणारा कंत्राटदार असेल तर त्याला फरशीच्या वेळी शोधत फिरावं लागतं. उलट, मालकाने स्लॅबचे पैसे चाळीस दिवस अडकवले तर कंत्राटदाराचं सेंट्रिंगचं भाडं आणि माणसांचा आठवड्याचा पगार थांबत नाही. म्हणून "इंजिनिअरने टप्पा तपासल्यापासून ७ दिवसांत रक्कम द्यावी, न दिल्यास काम थांबवण्याचा हक्क, व तेवढे दिवस मुदतीत वाढतील" हे कलम कंत्राटदाराने मागून घ्यावं. गृहकर्ज असेल तर बँकेचे हप्तेही टप्प्याटप्प्याने सुटतात. बँकेचे टप्पे आणि कराराचे टप्पे शेजारी ठेवून जुळवून घ्या, नाहीतर मधल्या खिंडीत मालक अडकतो.

जास्तीच्या कामाची एक वही साइटवर ठेवा. तारीख, काय वाढलं, किती पैसे, किती दिवस, दोन सह्या. व्हॉट्सअॅपवर "ओके" आलं असेल तरी संध्याकाळी वहीत चढवा. वहीत नाही ते बिलात नाही, असं एक वाक्य करारात असलं की काम भागतं.

उशिराचा दंड लिहिताना मालक जोरात असतात, दिवसाला पाच हजार वगैरे. करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. तुम्ही राहता त्या घराचं भाडं जितकं, त्याच्या आसपास रोजचा आकडा आणि एकूण रकमेच्या ५ टक्क्यांची मर्यादा, हे टिकतं. आणि उशीर कुणामुळे हेही बघा. फरशीचा रंग निवडायला घरातल्या चौघांनी महिना लावला तर तो महिना कंत्राटदाराच्या नावावर टाकू नका.

हे घर तुम्ही विकायला बांधत नाही, त्यामुळे महारेराकडे जाता येत नाही. कंत्राटदाराने काम अर्धवट टाकलं किंवा निकृष्ट केलं तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवा धरली आहे. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात आणि दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे. तिथे न्यायला हातात काय लागतं? सही केलेला नकाशा, टप्प्यांच्या पावत्या, वही, फोटो. रोखीने दिलेल्या पैशाची पावती नसेल तर ते दिलेच नाहीत असं धरून चाला.

कंत्राटदाराने कामगारांचा अपघात विमा काढायचा, पॉलिसीची प्रत करार करतानाच घ्यायची. दुसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या प्लास्टरला परात घेऊन फळीवर उभा असलेला माणूस बघितलाय ना, त्याच्यासाठी.

भोगवटा दाखला आणि शेवटचे पाच टक्के

काम पुरं झालं की इंजिनिअर पूर्णत्वाचा दाखला देतो आणि भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज करतो, ज्याला सगळे ओसी म्हणतात. सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र. प्लॉट ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर पावसाच्या पाण्याची साठवण किंवा जिरवणीही दिसली पाहिजे. ओसी न घेता राहायला जाणारे खूप. वास्तुशांतीला दोनशे माणसं जेवली म्हणजे घर अधिकृत झालं अशी समजूत असावी. पुढे घर विकताना किंवा तारण ठेवताना बँकेचा वकील पहिला तोच कागद मागतो.

ओसी मिळवून देणं कुणाचं काम हेही करारात हवं. माझ्या मते अर्ज इंजिनिअरचा, पण बांधकामातल्या फरकामुळे अडलं तर दुरुस्ती कंत्राटदाराची. म्हणून रंग-फिटिंगचा हप्ता ओसीला बांधा. अनामत वेगळी ठेवा. ती गळतीसाठी आहे.

अनामत सोडण्याआधी पावसाळ्यात गच्चीचे आउटलेट बोळे कोंबून बंद करा, चार इंच पाणी दोन दिवस राहू द्या आणि खालच्या छताला, विशेषतः बीमच्या कोपऱ्यात आणि जिन्याच्या भिंतीला हात लावून बघा. संडास-बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, रंगाला फुगे आलेत का ते बघा. आणि कंत्राटदाराकडून ही कागदपत्रं घेऊन मगच चेक लिहा: वॉटरप्रूफिंगची हमी, क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचे) अहवाल, स्टील-सिमेंटची बिलं, मोटर आणि गीझरची वॉरंटी कार्डं, आणि प्लास्टर चढण्याआधी काढलेले सगळ्या भिंतींचे फोटो, ज्यात विजेच्या आणि पाण्याच्या पायपा कुठून गेल्यात ते टेप लावून दाखवलेलं असेल. पडदा लावायला ड्रिल मारताना ते लागतात.